बालसा विमान-प्रतिकृतीवर खरे वाटणारे प्रोपेलर आणि प्लॅस्टिकचे भाग बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालसा या अतिशय हलक्या लाकडाच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा उभा करून त्यावर टिश्यू कागद ताणणे हे काम बहुतेक जण चिकाटीने शिकतात. प्रश्न सुरू होतात ते पेटीच्या तळाशी असलेले पांढऱ्या आणि पारदर्शक प्लॅस्टिकचे पत्रे हातात आल्यावर. इंजिनावरचे आवरण म्हणजे काउलिंग, प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी म्हणजे स्पिनर, वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक कॅनॉपी, खोटे इंजिन, चाके आणि इंधनाच्या टाक्या असे सारे भाग त्या पत्र्यांवर उठवलेले असतात. खालील उत्तरे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या १:१६ प्रमाणातील प्रतिकृती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेकफील्ड गावी १९२६ साली सुरू झालेल्या गिलोज कंपनीच्या पेट्यांमुळे हे प्रमाण अनेकांच्या परिचयाचे झाले आहे.

प्लॅस्टिकचे सगळे भाग बसवलेच पाहिजेत का?

नाही. हा निर्णय पहिला बालसा तुकडा कापण्यापूर्वी घ्यावा, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर अवलंबून असते. प्रतिकृती कपाटात मांडायची असेल, तर वजनाचा विचार जवळजवळ सोडून देता येतो आणि पत्र्यावरचा प्रत्येक भाग बसवता येतो. ती रबराच्या पिळावर किंवा छोट्या विद्युत मोटरवर उडवायची असेल, तर प्रत्येक भाग हातात घेऊन दोन प्रश्न विचारावेत : याचे वजन किती आहे, आणि तो गुरुत्वमध्याच्या, म्हणजे विमान जिथे तोलून राहते त्या बिंदूच्या, पुढे बसणार आहे की मागे?

पुढे बसणारे वजन बहुधा उपकारक ठरते. रबरावर उडणाऱ्या प्रतिकृतीचे नाक आखूड आणि शेपूट लांब असते, त्यामुळे ती बहुतेक वेळा शेपटीकडे जड होते. गुरुत्वमध्यापासून नाकाचे टोक १० सेंमी आणि शेपटीचा पृष्ठभाग ३० सेंमी अंतरावर असेल, तर शेपटीतील १ ग्रॅम जास्तीचे वजन तोलण्यासाठी नाकात ३ ग्रॅम भरावे लागतात. मग शिसे भरण्याऐवजी तेच वजन काउलिंग, खोटे इंजिन आणि प्रोपेलर यांच्या रूपाने नाकात आले, तर ते दिसायलाही छान दिसते. पंखाखालच्या टाक्या, बॉम्ब, प्लॅस्टिकची जाड चाके आणि शेपटीचे चाक मात्र उडणाऱ्या प्रतिकृतीवरून वगळावेत, किंवा तेच आकार हलक्या बालसात अथवा कागदात करून घ्यावेत.

पत्र्यावरचे भाग नेमक्या कोणत्या प्लॅस्टिकचे असतात?

पांढरा पत्रा बहुधा पॉलिस्टायरीनचा असतो. तो तापवून मऊ करतात आणि साच्यावर हवा ओढून बसवतात, म्हणून या भागांना व्हॅक्यूम-फॉर्म्ड भाग म्हटले जाते. पत्रा जिथे जास्त खोल ओढला जातो तिथे तो पातळ होतो. म्हणूनच स्पिनरचे टोक कडेपेक्षा नाजूक असते आणि तिथे पॉलिशपेपर जपून चालवावा लागतो. उडवण्यासाठी दिलेला लवचीक प्रोपेलर मात्र अनेकदा पॉलिप्रोपिलीनसारख्या प्लॅस्टिकचा असतो, ज्याला साधा गोंदही धरत नाही आणि रंगही टिकत नाही. एखादा भाग कोणत्या प्लॅस्टिकचा आहे याची शंका असेल, तर त्याच पत्र्याच्या टाकाऊ कोपऱ्यावर गोंदाचा एक थेंब लावून दुसऱ्या दिवशी तो नखाने उकलून पाहावा.

हे भाग पत्र्यातून कसे कापावेत?

घाईने कात्री चालवल्यामुळे जितके भाग वाया जातात तितके दुसऱ्या कोणत्याही कारणाने जात नसावेत. म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

भागाच्या आत जी भोके किंवा खिडक्या हव्यात, म्हणजे काउलिंगचे हवा घेण्याचे तोंड किंवा धुराड्याच्या खाचा, त्या भाग पत्र्याला जोडलेला असतानाच कापाव्यात. भोवतालचा सपाट पत्रा भागाला ताठपणा देतो. एकदा भाग सुटा झाला की तो बोटांत वाकतो आणि सुरी भलतीकडे सरकते. गोल तोंड कापताना आधी कडेच्या आतल्या बाजूने लहान लहान भोके पाडावीत, ती एकमेकांना जोडून मधला तुकडा काढावा आणि उरलेला भाग पेन्सिलीभोवती गुंडाळलेल्या पॉलिशपेपरने हळूहळू कडेपर्यंत न्यावा.

त्यानंतर भागाच्या पायथ्याशी, जिथे उठाव संपून सपाट पत्रा सुरू होतो, तिथे धारदार पेन्सिलीने रेषा काढावी. या रेषेवरून नव्या पात्याची सुरी अगदी हलक्या हाताने फिरवावी. उद्देश पत्रा आरपार कापण्याचा नसून त्याच्यावर खोल ओरखडा उमटवण्याचा असतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर पत्रा त्या रेषेवर मागेपुढे वाकवला की तो स्वच्छ तुटतो. रेषेबाहेर साधारण १ मिलिमीटर जागा ठेवून तोडणे सुरक्षित, कारण काढलेले प्लॅस्टिक परत जोडता येत नाही.

राहिलेला १ मिलिमीटर काढण्यासाठी काचेच्या तुकड्यावर ३२० क्रमांकाचा पॉलिशपेपर पाणी लावून चिकटवावा आणि भाग त्यावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवावा. बोटांनी कडा दाबल्या तर भाग एका बाजूला जास्त घासला जातो, म्हणून मास्किंग टेपची पट्टी दुमडून त्याची मूठ भागाच्या पाठीवर चिकटवावी आणि ती धरून घासावे. मध्ये मध्ये भाग उजेडासमोर धरावा. कडेला पत्र्याची पारदर्शक झिल्ली सुटू लागली, म्हणजे आपण योग्य रेषेवर पोहोचलो असे समजावे.

स्पिनर किंवा टाकी दोन अर्ध्या भागांत आली आहे. सांधा न दिसेल असा कसा जोडावा?

पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे कडेला कड लावून जोडण्याइतकी जागाच मिळत नाही. म्हणून एका अर्ध्या भागाच्या आतल्या बाजूला टाकाऊ पत्र्याच्या छोट्या पट्ट्या चिकटवाव्यात, त्या कडेबाहेर २ मिलिमीटर डोकावू द्याव्यात आणि त्यांवर दुसरा अर्धा भाग बसवावा. पातळ द्रव सिमेंट ब्रशच्या टोकाने सांध्याला लावले की ते केशाकर्षणाने आत शिरते आणि प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करते. सांधा किमान एक रात्र तसाच ठेवून मग घासावा, कारण आतून मऊ असलेला सांधा घासला तर काही दिवसांनी तिथे खोलगट रेषा उमटते.

कोणता गोंद कुठे वापरावा?

पॉलिस्टायरीनला पॉलिस्टायरीन जोडताना विरघळवणारे सिमेंट सर्वांत चांगले. पॉलिस्टायरीनला बालसा जोडताना मात्र ते उपयोगाचे नाही, कारण लाकूड विरघळत नाही. तिथे दोन भागांचे इपॉक्सी, म्हणजे आपल्याकडे अरल्डाइट या नावाने सर्वत्र ओळखले जाणारे, भरवशाचे ठरते. त्याआधी प्लॅस्टिकची आतली बाजू खरखरीत घासून आणि साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावी, कारण साच्यातून किंवा हातातून आलेला तेलकट थर सांधा सुटायला पुरेसा असतो.

फेविकॉलसारखा पांढरा गोंद गुळगुळीत प्लॅस्टिकवर ताकदीचा नसतो. तरी कॅनॉपीसारख्या भार न येणाऱ्या भागांसाठी तोच योग्य, कारण तो वाळल्यावर पारदर्शक होतो, वाळण्यापूर्वी ओल्या कापडाने पुसता येतो आणि प्लॅस्टिकला इजा करत नाही. सेल्युलोजचा जुना बालसा सिमेंट, डोप (टिश्यू ताणून घट्ट करण्यासाठी लावायचे द्रव) आणि थिनर या तिन्हींपासून पॉलिस्टायरीन दूर ठेवावे. यांतील द्रावक पत्र्याला सुरकुत्या पाडतात आणि पातळ भाग अक्षरशः वितळवतात. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद पांढऱ्या भागांना टाचण्यासाठी चालतो, पारदर्शक भागांजवळ मात्र तो आणूच नये. द्रावक असलेले कोणतेही द्रव्य वापरताना खिडकी उघडी ठेवावी आणि लहान मुले जवळ असतील तर हे टप्पे मोठ्यांनी करावेत.

कॅनॉपीवर पांढरी धूसर झाक येते, ती का?

क्षणात चिकटणाऱ्या गोंदाची वाफ जवळच्या पृष्ठभागावर बसते, हवेतील आर्द्रतेशी तिची प्रक्रिया होते आणि तिचा पांढरा थर तयार होतो. बंदिस्त जागेत हे जास्त होते, आणि चिकटवलेली कॅनॉपी ही बंदिस्त जागाच असते. स्पिटफायरच्या प्रतिकृतीवर मी तीन आठवडे काम केले होते. कॅनॉपीची मागची कड किंचित उचललेली दिसली म्हणून मी तिथे या गोंदाचा एकच थेंब सोडला. सकाळी आतली वैमानिकाची जागा दुधी काचेआड गेली होती. बाहेरची झाक पॉलिशने काढता येते, आतली काढण्यासाठी कॅनॉपी उखडावी लागते. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर कॅनॉपी असताना त्या गोंदाची बाटली दुसऱ्या खोलीत असते.

कॅनॉपीच्या धातूच्या चौकटी हाताने ब्रशने रंगवण्याचा मोह टाळावा. पारदर्शक चिकटपट्टीवर किंवा टिश्यू कागदावर विमानाचाच रंग लावून, तो वाळल्यावर पोलादी पट्टी धरून १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात आणि त्या चौकटीच्या रेषांवर बसवाव्यात. कडा सरळ येतात आणि चूक झाली तर पट्टी काढून नवी लावता येते. आतील भागाचा रंग आणि वैमानिकाचा पुतळा आधी पूर्ण करावा, हे सांगायला नको.

प्लॅस्टिक केव्हा बसवावे, टिश्यू ताणण्यापूर्वी की नंतर?

भाग *जुळवून* पाहण्याचे काम उघड्या सांगाड्यावर करावे आणि *चिकटवण्याचे* काम टिश्यू ताणून, डोप पूर्ण वाळून, त्याचा वास गेल्यानंतर करावे. हा भेद पाळला तर निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. उघड्या सांगाड्यावर काउलिंग धरले की पहिला फॉर्मर (सांगाड्यातली आडवी चौकट) किती घासायचा, स्ट्रिंगर (लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्या) कुठे खाली दाबायचे आणि कॅनॉपीच्या कडेखाली आधाराची पट्टी कुठे लागेल हे लगेच कळते. टिश्यू चढल्यानंतर हेच दुरुस्त करायचे म्हणजे झालेले काम फाडणे. डोपचे द्रावक पॉलिस्टायरीनला खातात आणि डोप वाळताना टिश्यू आकसून नाजूक प्लॅस्टिकच्या कडा ओढतो, म्हणून चिकटवणे शेवटी.

काउलिंग आणि बालसाचे नाक यांच्यामध्ये फट राहते. ती कशी बुजवावी?

फट १ मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर पुट्टीने बुजवू नये. फॉर्मरच्या कडेला बालसाची पातळ पट्टी चिकटवून व्यास वाढवावा आणि मग घासून जुळवावा. लहान फटींसाठी पाण्यात मिसळणारी हलकी ॲक्रिलिक पुट्टी वापरावी. ती प्लॅस्टिकला धक्का लावत नाही आणि बालसापेक्षा फारशी कठीण नसल्याने दोन्ही पृष्ठभाग एकाच पातळीत घासता येतात. कठीण पुट्टी वापरली तर पॉलिशपेपर तिला सोडून शेजारच्या मऊ बालसालाच खातो.

खोटे इंजिन खरे कसे दिसेल?

आधी मूळ इंजिनाचे सिलिंडर मोजावेत. हेलकॅट, कोर्सेअर आणि थंडरबोल्ट या तिन्ही अमेरिकी विमानांत प्रॅट अँड व्हिटनीचे आर-२८०० हे दोन रांगांचे १८ सिलिंडरांचे इंजिन होते, जपानच्या झीरोमध्ये १४ सिलिंडरांचे साकाए होते. पेटीतला भाग पत्र्यावर ओढलेला असल्यामुळे सिलिंडरांच्या पंखाळ्या कडा बोथट असतात. त्यावर सर्वत्र काळा रंग द्यावा, तो वाळल्यावर ब्रश चंदेरी रंगात बुडवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत कागदावर पुसावा आणि मग हलकेच फिरवावा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो आणि खोलगट भाग काळे राहतात. जळलेल्या पंख्याच्या मोटरमधली तांब्याची बारीक तार स्पार्क प्लगच्या वायरी म्हणून शोभते.

पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमल किंवा फोकर डीआर-१ या विमानांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांची इंजिने रोटरी प्रकारची होती, म्हणजे मधला दांडा विमानाला पक्का असे आणि सिलिंडरांचा संपूर्ण गोल प्रोपेलरसह फिरत असे. प्रदर्शनाच्या प्रतिकृतीत प्रोपेलर बोटाने फिरवल्यावर मागचे इंजिन स्थिर राहिले, तर जाणकाराला ते लगेच खटकते. खोटे इंजिन प्रोपेलरच्याच दांड्यावर बसवले की हा दोष राहत नाही.

माझ्या विमानाला किती पात्यांचा आणि केवढा प्रोपेलर हवा?

विमानाचे नाव पुरेसे नाही, त्याची आवृत्ती ठरवावी लागते. स्पिटफायरचेच उदाहरण घेऊ. ५ मार्च १९३६ रोजी ते प्रथम उडाले तेव्हा त्याला दोन पात्यांचा, स्थिर पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत प्रोपेलर जितका पुढे जाईल ते अंतर) लाकडी प्रोपेलर होता, आणि सुरुवातीच्या एमके १ (मार्क १, म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या) विमानांवरही तोच होता. त्यानंतर तीन पात्यांचा धातूचा प्रोपेलर आला आणि १९४० च्या उन्हाळ्यात या विमानांना आपोआप पिच बदलणारी कॉन्स्टंट-स्पीड यंत्रणा बसवली गेली. एमके ५ ला तीन पाती, एमके ९ ला चार, आणि ग्रिफन इंजिनाच्या एमके १४ ला पाच. इंजिनाची शक्ती वाढत गेली, पण चाकांची उंची मर्यादित असल्याने प्रोपेलरचा व्यास फार वाढवता येत नव्हता. म्हणून ती शक्ती हवेला देण्यासाठी पाती वाढली. पाच पात्यांच्या प्रोपेलरसह कॅनॉपीमागे बसक्या पाठीची प्रतिकृती करणाऱ्यांना आपल्याकडेच एक आधार आहे : ग्रिफन इंजिनाची स्पिटफायर विमाने भारतीय वायुसेनेतही होती आणि दिल्लीत पालम येथील वायुसेना संग्रहालयात स्पिटफायर पाहता येते.

व्यासाचा हिशेब सोपा आहे. मूळ व्यासाला प्रमाणाने भागावे. मस्टँग पी-५१डी च्या चार पात्यांच्या हॅमिल्टन स्टँडर्ड प्रोपेलरचा व्यास ११ फूट २ इंच, म्हणजे ३.४० मीटर होता. १:१६ प्रमाणात तो २१.३ सेंमी होतो. पेटीतला प्रोपेलर याहून लहान निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नये, पण कपाटातल्या मस्टँगला तो बसवूही नये. मोठ्या विमानाला लहान प्रोपेलर लावला की बाकी सारे काम कितीही सुबक असले तरी चेहरा खेळण्याचा दिसतो.

पाती उलटी बसली आहेत का, हे कसे ओळखावे?

प्रदर्शनांत सर्वाधिक दिसणारी चूक हीच आहे, आणि ती सुधारणे सर्वांत सोपे आहे. पात्याची एक बाजू फुगीर आणि दुसरी जवळजवळ सपाट असते. फुगीर बाजू नेहमी विमानाच्या उडण्याच्या दिशेने, म्हणजे पुढे असावी. पात्याची जाड, गोलसर कड ही पुढची कड, पातळ कड ही मागची. प्रोपेलर फिरताना पुढची कड हवेत आधी शिरते आणि ती मागच्या कडेपेक्षा विमानाच्या नाकाच्या दिशेला पुढे झुकलेली असते.

आता दिशा. अमेरिकी एक-इंजिनी लढाऊ विमानांचे प्रोपेलर आणि मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरचा प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत. आपण समोरून, नाकाकडे तोंड करून पाहतो, तेव्हा तोच प्रोपेलर काट्यांच्या उलट फिरतो, म्हणजे वर उभे असलेले पाते आपल्या डावीकडे जाते. म्हणून समोरून पाहताना वरच्या पात्याची डावी कड जाड असली पाहिजे आणि तीच आपल्या जवळ झुकलेली असली पाहिजे. ग्रिफन इंजिन मात्र उलट दिशेने फिरत असे. मर्लिनची सवय असलेल्या वैमानिकांना उड्डाणाच्या धावेत विमान एरवी डावीकडे खेचले जाण्याऐवजी उजवीकडे खेचले जाताना जाणवे. त्यामुळे एमके ९ ची सुटी पाती एमके १४ च्या हबवर (पाती जिथे जोडतात त्या मधल्या भागावर) बसवता येत नाहीत, ती आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी हवीत. पी-३८ लाइटनिंगच्या दोन इंजिनांवर तर एकाच विमानात दोन्ही प्रकारची पाती लागतात.

पात्याला पीळ किती द्यावा?

पात्याचा मुळाजवळचा भाग हळू फिरतो आणि टोक वेगाने, म्हणून मुळाशी कोन जास्त आणि टोकाशी कमी असतो. कोनाचा टॅन्जंट काढण्यासाठी पिचला केंद्रापासूनच्या अंतराच्या २π पटीने (π म्हणजे सुमारे ३.१४) भागावे. समजा एका फेरीत २० सेंमी पुढे जाणारा पिच धरला. केंद्रापासून ३ सेंमी अंतरावर कोन सुमारे ४७ अंश, ५ सेंमीवर सुमारे ३२ अंश आणि १० सेंमीवर सुमारे १८ अंश येतो. बालसातून किंवा प्लायवुडमधून पाती कोरणाऱ्यांनी या तीन ठिकाणी पुठ्ठ्याचे कोनमापक कापून ठेवले की सगळी पाती सारखी होतात. सपाट पट्टीचे पाते करून ते हबमध्ये तिरपे बसवणे ही सोय आहे, पण नजर पीळ शोधते आणि तो नसला की पाते फळीसारखे दिसते.

सुटी पाती हबला समान अंतरावर कशी जोडावीत?

केवळ डोळ्यांच्या अंदाजाने कधीही जोडू नयेत. कागदावर एक बिंदू घेऊन त्यातून तीन पात्यांसाठी १२० अंशांनी, चारांसाठी ९० अंशांनी आणि पाचांसाठी ७२ अंशांनी रेषा काढाव्यात. तो कागद फळीवर चिकटवून मध्यबिंदूवर हबच्या भोकात बसेल अशी तार उभी ठोकावी. प्रत्येक रेषेवर, केंद्रापासून ठरलेल्या एकाच अंतरावर, पात्याच्या कोनाचा एक पाचरीसारखा लाकडी ठोकळा ठेवावा म्हणजे पाते त्यावर टेकून आपोआप योग्य कोनात बसते. पात्याच्या मुळात सुमारे १ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात तारेचा तुकडा बसवावा आणि हबमध्येही तेवढेच भोक घ्यावे. इपॉक्सी हळू जमणारे घेतल्यास सगळी पाती बसवून शेवटी एकदा सर्व ठोकळे तपासायला वेळ मिळतो. टोकांमधली अंतरे कंपासने मोजावीत. ती सारखी असतील तर प्रोपेलर जुळला.

हा प्रदर्शनाचा प्रोपेलर मोटरवर फिरवता येईल का?

नाही. चिकटवलेली पाती वेगाने फिरताना निखळून डोळ्यांपर्यंत जाऊ शकतात. विद्युत मोटरवर एकसंध, त्या कामासाठीच बनवलेला प्रोपेलर वापरावा आणि चालू असताना त्याच्या फिरण्याच्या प्रतलात कुणीही उभे राहू नये.

मग उडवणे आणि मांडणे, दोन्ही एकाच प्रतिकृतीत कसे साधावे?

नाकाचा ठोकळा काढता-घालता येईल असा करावा आणि तसे दोन ठोकळे बनवावेत. एकात उडण्याचा प्रोपेलर, तारेचा दांडा, मणी आणि रबराचा आकडा, तर दुसऱ्यात मापाप्रमाणे केलेला, तीन किंवा चार पात्यांचा, स्पिनरसह रंगवलेला प्रोपेलर. दोन्ही ठोकळ्यांच्या मागे चौकोनी खुंटी ठेवली की ते प्रत्येक वेळी त्याच कोनात बसतात. उडण्याच्या ठोकळ्यात दांडा २ ते ३ अंश खाली आणि तेवढाच उजवीकडे झुकवलेला असावा, म्हणजे रबर पूर्ण पिळलेले असतानाचा जोर विमानाला वर उचलून किंवा डावीकडे वळवून पाडत नाही.

रबरावरच्या उड्डाणासाठी दोन पात्यांचा आणि पंखांच्या एकूण लांबीच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही मोठ्या व्यासाचा प्रोपेलर अनेक जण पसंत करतात, कारण तो सावकाश फिरून जास्त वेळ ओढ देतो. तो मूळ विमानासारखा दिसत नाही आणि तसा दिसण्याची गरजही नाही. हवेत गेल्यावर पाती दिसतच नाहीत. गुरुत्वमध्य तपासताना मात्र उडण्याचाच ठोकळा लावलेला असावा, आणि गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश अंतरावर यावा. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग केलेल्यांना बोटांच्या टोकांवर पंख तोलून पाहण्याची सवय असते, तीच इथे पुरते.

प्रोपेलर समतोल आहे हे कसे तपासावे?

भोकातून सरळ तार घालून ती दोन आडव्या कडांवर ठेवावी आणि प्रोपेलर मोकळा सोडावा. तेच पाते पुन्हा पुन्हा खाली येत असेल तर ते जड आहे. त्याच्या मागच्या, सपाट बाजूवरून थोडे घासावे. पुढची फुगीर बाजू घासून आकार बिघडवू नये.

पात्यांचे रंग कोणते?

ब्रिटिश आणि अमेरिकी लढाऊ विमानांची पाती साधारणतः मॅट काळी आणि टोके ४ इंच पिवळी असत, म्हणजे १:१६ प्रमाणात पिवळी पट्टी जेमतेम ६ मिलिमीटर होते. अनेक जण ती दुप्पट रुंद रंगवतात. जर्मन पाती काळपट हिरवी असत आणि त्यांना पिवळी टोके नसत. सुरुवातीच्या झीरोची पाती पुढून उघड्या धातूची, टोकाजवळ दोन लाल पट्ट्यांची असत. नंतरच्या काळात ती तांबूस तपकिरी दिसतात. आधी टोकांना पांढरा आणि त्यावर पिवळा रंग द्यावा, तो झाकून मग काळा द्यावा. काळ्यावर पिवळा कितीही वेळा दिला तरी मळकटच दिसतो.

पहिल्या महायुद्धातील लाकडी प्रोपेलर कसा करावा?

मूळ प्रोपेलर लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून कोरलेले असत आणि गडद-फिकट थरांच्या रेषा पात्यांवर वळणे घेत दिसत. या रेषा रंगाने काढण्यापेक्षा खरोखर थर करूनच कोरणे सोपे आहे. आइस्क्रीमच्या काड्या घ्याव्यात, त्यांतल्या निम्म्या दाट चहाच्या पाण्यात किंवा लाकडाच्या रंगात भिजवून वाळवाव्यात, आणि एकाआड एक ठेवून पांढऱ्या गोंदाने दाबून जोडाव्यात. कोरताना थरांच्या रेषाच पीळ किती झाला हे दाखवतात आणि दोन्ही पात्यांवरच्या रेषा सारख्या दिसल्या की पातीही सारखी झालेली असतात. शेवटी पारदर्शक वॉर्निशचे दोन पातळ हात. माझ्या मते संपूर्ण छंदात याइतके समाधान देणारे दुसरे छोटे काम नाही.

प्लॅस्टिक आणि टिश्यू यांवरचा एकच रंग वेगळा का दिसतो?

खालचा पृष्ठभाग वेगळा असतो म्हणून. पांढरे प्लॅस्टिक प्रकाश परतवते आणि टिश्यू तो आत घेतो. दोन्हींवर आधी एकाच फिकट करड्या ॲक्रिलिक प्रायमरचा पातळ थर द्यावा, मग रंग, आणि शेवटी संपूर्ण विमानावर एकाच बाटलीतले मॅट वॉर्निश. दुकानात मिळणारे अनेक स्प्रे थिनरवर आधारित असतात. ते पॉलिस्टायरीनवर थेट मारण्यापूर्वी टाकाऊ पत्र्यावर पाहावेत.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळी काळजी लागते का?

लागते. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात बालसा आणि टिश्यू हवेतले पाणी शोषून घेतात, टिश्यू सैल पडतो आणि डोपवर पांढुरका थर येतो. प्लॅस्टिक मात्र जसेच्या तसे राहते, त्यामुळे दोन्हींच्या सांध्यावर ताण येऊन बारीक चिरा पडतात. या दिवसांत सांगाडे बांधावेत, भाग कापून ठेवावेत आणि डोप व शेवटची जोडणी कोरड्या हवेसाठी राखून ठेवावी. उन्हाळ्यात धोका उलट असतो. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते, पण साच्यावर ओढलेल्या भागांत ताण अडकलेला असल्याने ते त्याआधीच वाकू लागतात. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत काचेखाली प्रतिकृती ठेवू नये.

उतरताना पाते तुटले. दुरुस्त होईल का?

प्रदर्शनाच्या प्रोपेलरचे पाते मुळाशी तुटले असेल तर दोन्ही बाजूंना भोक पाडून तारेची खुंटी आणि इपॉक्सी देऊन ते पूर्वीपेक्षा मजबूत होते. आधी वापरलेला १२० किंवा ९० अंशांचा कागद आणि पाचरी जपून ठेवल्या असतील तर कोन पुन्हा शोधावा लागत नाही. उडण्याचा एकसंध प्रोपेलर तडकला असेल, तडा केसाएवढा असला तरी, तो टाकून द्यावा.

चेपलेले काउलिंग बहुधा वाचते. ते काढून गरम, पण उकळत नसलेल्या पाण्यात क्षणभर बुडवावे, आतून बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने हळूच बाहेर दाबावे आणि लगेच थंड पाण्यात धरावे. तडा गेलेला असेल तर आतून टिश्यूची पट्टी इपॉक्सीने चिकटवावी, बाहेरून ॲक्रिलिक पुट्टी भरावी, आणि पुट्टी वाळेपर्यंत काउलिंग परत नाकावर चढवू नये, कारण फॉर्मरची कड ओल्या सांध्याला पुन्हा उघडते.